मंगळवारचं सुंडल

॥ श्री ॥
अण्णा नगर, मद्रास
१२ सप्टेंबर १९८६

ती. गं. भा. राजसवन्सं यांना,
कृष्णवेणीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, म्हणजे तुमची भाची सोडून सर्व. बँकेची परीक्षा होती त्या सकाळी तुळजाबाई तांबरम स्टेशनाबाहेर फुटपाथवर बसून इडली खात होत्या. विचारलं तर म्हणाली, तेच माझं काम आहे. नुंगंबाक्कमला कसलीशी संस्था आहे, तिथे जाते. स्टेशनापाशी बसणाऱ्या इडलीवाल्या आणि फुलवाल्यांना सरकार उठवणार आहे, म्हणून ही सरकारशी भांडते. आणि सरकार म्हणजे कोण, तर ह्यांचे साहेब राजगोपाल! घरातला एकजण फाइल वर नेतो आणि घरातलीच दुसरी त्या फाइलीवर अर्ज ठोकते. ह्यांचं जेवण निम्म्यावर आलं आहे.

नवरात्र तोंडावर आलं. यंदा साहेबांच्या मंडळींना, विजयलक्ष्मींना, आपल्या कोलूला, पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या बघायला, बोलवावं असं फार मनात होतं. पण हे म्हणतात, तुळजा त्यांच्यापुढे काही बोलली तर माझी बदली थेट रामनाथपुरमला. वन्सं, तुम्ही तिला चार शब्द सांगा. माझं ती ऐकते ते फक्त जेवायला हाक मारल्यावर.

भावावर माया आहे तेवढीच भावजयीवरही राहू द्या.
तुमची,
कृष्णवेणी

॥ श्री ॥
मद्रास
१५ सप्टेंबर

ती. आत्यास, तुळजाचा सा. न.

आईचं गाऱ्हाणं तुला पोचलंच असेल. आता माझं ऐक. सरकारचं नवं धोरण असं, की स्टेशनाभोवतीचा परिसर मोकळा करायचा आणि बायकांना नव्या बाजारात जागा द्यायची. कागदावर झकास आहे. वर छप्पर, शेजारी नळ. पण तो बाजार तळ्याच्या पलीकडे, शेताडीत आहे. तिकडे बस नाही की माणूस नाही. गाडीतून उतरलेला माणूस दोन इडल्यांसाठी तळं ओलांडून जाईल का?

कनका म्हणून एक इडलीवाली आहे. नवरा वारला, दोन मुली शाळेत आहेत, आणि सगळं घर स्टेशनातून उतरणाऱ्या गिऱ्हाइकावर चालतं. ती मला म्हणाली, छप्पर मिळेल पण त्याखाली बसून मी माश्याच मारीन. दसऱ्यानंतर हुकमावर सही होणार आहे. आमच्या संस्थेने अर्ज दिले, मोर्चा नेला. राजगोपाल भेटतच नाहीत. मंगळवारी या, असं त्यांचा शिपाई सांगतो, आणि मंगळवारी साहेब मीटिंगमध्ये असतात. त्यांनी तो बाजार पाहिलेला नाही, माझी पैज आहे. दहा मिनिटं कोणी त्यांना समोर बसवलं तरी पुरे. अप्पांना म्हटलं तर ते पेपर तोंडापुढे धरतात, तोही उलटा.

तूच काहीतरी सुचव. माझ्यावर रागावू नकोस, रागवायचंच असेल तर उपाय सांगून मग रागाव.
तुझी लाडकी (असं तूच म्हणतेस),
तुळजा

॥ श्री ॥
तंजावर
२० सप्टेंबर

सौ. कृष्णवेणीस राजसबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या लेकीला चार शब्द आजच्याच टपालाने लिहिते आहे, तू निश्चिंत राहा. विजयलक्ष्मींना मात्र अवश्य बोलाव. साहेबाच्या बायकोला बोलावलं म्हणून कोणाची बदली झाल्याचं मी ऐकलेलं नाही, न बोलावल्याने झाल्याचं ऐकलं आहे. मंगळवार ठरव. त्या गातात म्हणे. तर आग्रह करून गायला बसव, आणि राग रंगात आला की मध्येच कॉफीचे पेले वाजवू नकोस.

माझं विचारशील तर हे गेल्यापासून मला कोलूचं बोलावणं येत नाही आणि मी जात नाही. रीत आहे, त्याला तू काय करणार! पण चुका काढायची खोड गेलेली नाही. गेल्या वर्षी शेट्टी आणि शेट्टिणीची बाहुली देवांच्या पायरीवर चढवली होतीस असं तुळजाने कळवलं. दुकानदारांना खाली बसव.

माझ्या भावाला, वेंकटला सांग, पोटभर जेव.
राजसबाई

॥ श्री ॥
तंजावर
२० सप्टेंबर

चि. तुळजास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने मला चार शब्द सांगायला सांगितले आहेत. ते असे: मंगळवारी बायकांना घरी आण.

नवरात्रातला मंगळवार म्हणते आहे मी. त्या संध्याकाळी विजयलक्ष्मी तुमच्याकडे येतील. कोलूच्या दिवसांत दारी आलेल्या बाईला कोणी परत पाठवत नाही, तुझी आई तर नाहीच. आणि दुसरी रीत अशी, की जिच्या शेजारी बसून हळदीकुंकवाचं तांबूल घेतलं तिला आपल्या घरच्या कोलूला बोलवावंच लागतं. न बोलावलं तर देवी रुसते. साहेबांच्या कचेरीचं दार तुम्ही वर्षभर ठोठावता आहात. आता त्यांच्या घरचं बघा.

अर्ज आणायचा नाही, घोषणा द्यायच्या नाहीत. बायकांना सांग, डोक्यात फुलं माळा आणि गाणं मन लावून ऐका. आईला आधी कळवू नकोस. तिला आधी कळलं की ती घाबरते, आयत्या वेळी कळलं की फार चांगली वागते.

हे पत्र वाचून बंबात घाल.
तुझी कारस्थानी आत्या

॥ श्री ॥
मद्रास
१२ ऑक्टोबर, विजयादशमी

ती. आत्यास तुळजाचे दंडवत, आणि या खेपेला खरोखरचे दंडवत.

मंगळवारी विजयलक्ष्मी नुकत्याच टेकल्या होत्या, तेवढ्यात मी कनकाला आणि तांबरमच्या सगळ्या बायकांना घेऊन दारात उभी राहिले. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी परत तांबरमला जावं की काय असं वाटलं. मग म्हणाली, या, सतरंजीवर बसा. अप्पा मागच्या दाराने गच्चीवर गेले आणि पाहुण्या जाईपर्यंत वाळत घातलेल्या मिरच्या राखत बसले.

विजयलक्ष्मी गायला लागल्या. आत्या, त्यांचं गाणं ठीकठाक आहे, पण असे श्रोते त्यांना जन्मात मिळाले नसतील! कनकाने तर डोळे पुसले आणि आणखी एक म्हणा म्हणून हट्ट धरला. एकाची पाच गाणी झाली. हळदीकुंकवाच्या वेळी मात्र कनका मागे सरकली, अम्मा, मला नको म्हणाली. आई करंडा हातात घेऊन जराशी थांबली. मग पुढे होऊन तिने तिला कुंकू लावलं, ओटीत तांबूल घातलं, आणि खोबरं घातलेल्या चण्यांच्या सुंडलाचा द्रोण शिगोशीग भरून दिला. एवढ्या बायका न सांगता आल्या तरी सुंडल कमी पडलं नाही, हे आईच जाणे.

निघताना विजयलक्ष्मींनी शुक्रवारी सगळ्यांनाच बोलावलं. साहेब घरी आले तर त्यांचा दिवाणखाना भरलेला! बाईंनी त्यांची ओळख करून दिली, की ही माझी सभा. कनकाने नमस्कार करून एवढंच विचारलं, की साहेब, नवा बाजार छान आहे म्हणतात, पण गाडीची माणसं तिकडे कुठून यायची, तुम्ही पाहिलं असेल ना. साहेब म्हणाले, नकाशात पाहिलं आहे. त्यावर विजयलक्ष्मींनी देवीसमोर सांगून टाकलं, की हे स्वतः जाऊन पाहतील आणि तोवर सही करणार नाहीत. देवीपुढे दिलेला शब्द, आता मोडतात कसा!

अजून सही झालेली नाही, आणि बाजार पाहिलेलाही नाही. जीव टांगणीला आहे. तुझे आशीर्वाद इकडे वळव.
तुळजा

॥ श्री ॥
तंजावर
१७ ऑक्टोबर

सौ. कृष्णवेणीस आशीर्वाद.

तुझ्याकडून पत्र नाही, म्हणजे माझ्यावर रागावली आहेस. रागाव. मुलीला चार शब्द सांगितले ते कुठले, हे एव्हाना तुला कळलं असेल. तुझ्या घरात तुला न विचारता पंगत बसवली, हा माझा आगाऊपणा. बदली झालीच तर वेंकटला म्हणावं, तंजावरची माग.

एकच कोडं आहे. तुळजा लिहिते की सुंडल कमी पडलं नाही. हे कसं?

जमल्यास पूर्वीइतकाच जीव लाव.
राजसबाई

॥ श्री ॥
अण्णा नगर, मद्रास
२३ ऑक्टोबर

ती. राजसवन्सं यांना कृष्णवेणीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला कारण सांगायला काहीतरी हातात हवं होतं. राजगोपाल परवा तांबरमला जाऊन आले. स्टेशनावर उतरून त्यांनी नव्या बाजाराची बस विचारली तर लोक हसले. उन्हातून पायी गेले, पायी आले, आणि भुकेने कासावीस होऊन कनकापुढेच बसले. तो हुकूम मागे घेतला आहे. स्टेशनाच्या भिंतीलगत बायकांना जागा आखून द्यायची, तोवर कोणाला उठवायचं नाही, असा नवा लिहिला आहे. ह्यांनीच तो टाइप करून वर नेला. परवापासून पोटभर जेवताहेत, आणि तुळजाची कल्पना मूळ आपलीच होती असं शेजारी सांगताहेत.

आता तुमचं कोडं. वन्सं, सुंडलाचे चणे आदल्या रात्री भिजवावे लागतात. सोमवारी तुळजाने सहज विचारावं तसं विचारलं, की आई, आपल्याकडे सतरंज्या किती आहेत. त्यात तुम्ही मंगळवारच ठरव म्हणून लिहिलेलं, आणि त्यात रागावण्याचा एकही शब्द नाही. इतकी वर्षं तुमची भावजय आहे मी. मोठं पातेलं काढलं आणि घरातले होते नव्हते तेवढे चणे भिजत घातले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण तुम्हा दोघींचा बेत माझ्या सुंडलावाचून फसला असता तर मला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

एक मात्र आधी ठरवलं नव्हतं. कनका मागे सरकली तेव्हा मला तुम्ही दिसलात. भाऊजी गेल्यानंतरच्या पहिल्याच कोलूला तुम्ही अशाच स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे गेला होतात, आणि मी करंडा घेऊन दुसरीकडे वळले होते. कनकाला कुंकू लावल्यावर फार बरं वाटलं.

दिवाळीला तुळजा तिकडे येते आहे. तिच्याबरोबर खण, नारळ, हळदकुंकू आणि मूठभर चणे पाठवते आहे. हे मंगळवारचं तुमचं तांबूल, माझ्याकडे राहून गेलेलं. रीत आहे म्हणून परत पाठवाल तर मी स्वतः घेऊन येईन. आणि घेतलंत तर तुम्हीच लिहिलेली रीत लक्षात ठेवा, पुढच्या नवरात्रात मला तुमच्या घरच्या कोलूला बोलवावं लागेल. बाहुल्या माळ्यावरून काढून पुसून ठेवा. शेट्टी-शेट्टीण कोणत्या पायरीवर बसवता ते मीही बघणार आहे.

पत्राच्या वर या खेपेला गं. भा. लिहिलेलं नाही. ते विसरून राहिलेलं नाही.

तुमच्या बोलावण्याची वाट बघणारी,
वेणी