उजव्या हातात चुडा नाही

प्रिय मोठी माय,

उद्या कासारीण येणार, माझा चुडा भरायला. आणि सकाळपासून घरात कोणी माझ्याशी धड बोलत नाही, कारण मी सांगून टाकलंय की चुडा भरीन, पण फक्त डाव्या हातात. उजव्यात नाही म्हणजे नाही. ऐकून घेणारं कोणी उरलं नाही म्हणून तुला लिहायला बसले. तशी ऐकून घेणारी तूही नव्हतीसच म्हणा!

मी तुझ्या धाकट्या जावेची पोर, पण वेणी तू घातलीस, मार तू दिलास आणि नावही तूच ठेवलंस, भिंगरी. खरंच निघालं ते. कॉलेज सुटलं, आर्णीचं पार्लर सुटलं, मोबाइलचं दुकानही सुटलं. मग एका मैत्रिणीच्या लग्नाला मुकुटबनला गेले ती दोन दिवसांसाठी, आणि राहिले पूर्ण लग्नसराई. तिथेच मेंदीचा कोन हातात आला. तेवढा एक मात्र सुटला नाही. आता झरीपासून वणीपर्यंत नवरी मुलींचे हात रंगवत फिरते. तू पाहिलं असतंस तर म्हणाली असतीस, "कुठंतरी टिकली बापा पोरगी."

पण कोन सुटला गं. परवा, एका नवरीच्या तळहातावर, ऐन मोराच्या मानेवर मेंदीचा गोळा पडला. मी त्याचं पान करून टाकलं. तिला काही कळलं नाही. मला कळलं. अंगठा आणि त्याच्या बाजूची दोन बोटं माझी नव्हतीच त्या वेळी.

रात्री मुंग्यांनी जाग येते. हात झटकला की जरा बरं वाटतं. आणि झटकता झटकता मला तू दिसलीस. पाणी उडवल्यासारखा हात झटकत खाटेवर बसलेली. मी समजायची, डास हाकलतेस.

यवतमाळच्या डॉक्टरांनी तुला नीट समजावलं होतं ना? मनगटात एक अरुंद वाट आहे, तिच्यात नस दबते, म्हणून बोटं बधिर होतात. बांगड्या काढा, रात्री पट्टा घालून मनगट सरळ ठेवा. नाही जमलं तर इंजेक्शन, नाहीतर लहानसं ऑपरेशन. पट्टा घेऊनच तू एसटीतून उतरलीस. मग काहून नाही घातला? कोणी अडवलं होतं तुले? सासू कधीच गेलेली. मोठे बाबा तर स्वतः म्हणाले, "काढ वो त्या बांगड्या, मी काई मरून नाई राह्यलो." त्यावर तू आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाहीस. काचेच्या बांगड्या काही रोज रात्री काढून सकाळी घालता येत नाहीत, आणि नवरा जिवंत असताना रिकामा हात तुला चालणार नव्हता. पट्टा पेटीत गेला. हाताला तेल आलं, मिठाची पुरचुंडी आली, काळा दोरा आला.

आणि ती कासारीण! दर सणाला यायची आणि तुझा हात धरून म्हणायची, "बाईचा हात लोण्याचा. बांगडी कशी सरसर जाते!" तू मला मुद्दाम बोलावून दाखवायचीस, पाह्य, लग्नातलंच माप आहे माझं. त्याच वर्षी तुला ब्लाउजचा हूक लागेना, वेचणीला गेलीस की कापूस बोंडातच राहायचा. अंगठ्याखालचं मांस झिजत चाललं होतं, मोठी माय. बांगडीला अडायला काही उरलंच नव्हतं. आणि आपण तिघी त्याचं कौतुक करत बसलो होतो.

मग एके दिवशी छातीत दुखलं आणि तू गेलीस. बायांनी तुला हिरवं लुगडं नेसवलं, बांगड्या भरल्या. हात मी धरला होता. अंगठ्याच्या बुडाशी खड्डा होता, बांगड्या त्यावरून आपोआप गेल्या. सगळ्या म्हणत होत्या, सवाष्ण गेली, नशीबवान. मी म्हणाले, "तिला चहाचा कप धरता येत नव्हता." मला पाणी आणायला पाठवलं.

माझा हात तिथे, अंगठ्याच्या बुडाशी, अजून भरलेला आहे. डॉक्टरांनी अंगठ्याखाली दाबून पाहिलं, म्हणाले, वेळेवर आलीस. लग्नानंतर पट्टा घातला तर चालेल का, असं मीही विचारलं बरं. ते म्हणाले, नस काही मुहूर्त पाहून थांबत नाही.

होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला. वाईट नाहीत त्या. दोन महिने तरी ठेव म्हणाल्या, नंतर काढ, आता लोकांना काय सांगू?

"सांगा, सुनेला तिचा हात पाहिजे."

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर अजून निरोप नाही. मोडलं तर मोडलं. हात धरायला नवरा मिळेल न मिळेल, कोन धरायला हात हा एकच आहे.

दुपारी मोठे बाबा उठले, तुझी पेटी उघडली आणि पट्टा माझ्यासमोर ठेवला. अजून प्लॅस्टिकमध्ये होता, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. "बसते का पाह्य," एवढंच म्हणाले. बसला. तोच घालून लिहून राहिली, म्हणून अक्षर असं.

तर ऐक, मोठी माय. पट्टा पुरला नाही तर इंजेक्शन घेईन, इंजेक्शन पुरलं नाही तर ऑपरेशन करीन. तुझ्यासारखी नशीबवान मला व्हायचं नाही. उद्या कासारीण डावा हात दाबेल, बांगडी अंगठ्यापाशी अडेल, दुखेल. ती म्हणेल, पोरीचा हात भलताच कडक आहे.

म्हणू दे. मी तिला म्हणेन, अजून दाब.

तुझी,
भिंगरी