पश्चिमेच्या खड्ड्यातली काळी माती

दि. ८ ऑगस्ट, दुपार

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. तुझी बायको, पोरं मजेत असतील. सहा फुटी माणसाला अजून टिल्लू म्हणते म्हणून चिडू नकोस. चिडायला पुढे भरपूर आहे, तिथपर्यंत राग पुरवून वापर. मी ठणठणीत. गुडघा तेवढा कुरकुरतो, तोही जिना चढताना. बुलडोझरवर चढताना गप्प असतो, लबाड मेला.

आता बातमी. आपल्या शेतात मका उभा आहे! खाणीत गेलेल्या, दगडांचा उकिरडा झालेल्या आपल्या शेतात. माझ्या डोक्याच्या वर गेलाय. काल बांधावर उभी राहिले आणि छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटलं. खोटं नाही सांगत, शिवायचं अजून बाकी आहे.

अर्धी जमीन शेतीला आणि अर्धी रानाला, असं ठरलंय. मोठ्या खड्ड्यात पाणी साठवून तळं केलंय, बदकं येतात. दोन शेतांमध्ये झुडपांचा पट्टा ठेवलाय, म्हणजे ससे आणि हरणं पिकात न शिरता पाण्यापर्यंत जातात. निदान तशी अपेक्षा आहे. सशांनी अजून कागद वाचलेला नाही.

आणि तुझ्या मक्यात मधोमध टक्कल आहे, ते माझ्यामुळे. पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टरपुढे एक टिटवी जीव तोडून ओरडत होती. बघितलं तर मातीत चार अंडी. मी ट्रॅक्टरसमोर उभी राहिले. ड्रायव्हर वैतागला, त्याने साहेबांना बोलावलं, मी हलले नाही. शेवटी बारा पावलांचा गोल सोडून पेरलं. तीन पिल्लं चालत तळ्याकडे गेली. गोल मात्र राहिला, वरून पाहिलं तर थेट तुझं डोकं.

तुझ्या हिश्श्याची जमीन खाणीकडून परत घ्यायच्या कागदावर या महिनाअखेरपर्यंत तुझी सही हवी, आणि ती इथे येऊनच करायची आहे. नाही आलास तर तेवढा तुकडा गवताळ रानात जाईल. वाईट काही नाही, ससे खूश होतील. पण ते शेत मी सशांसाठी नाही केलं रे.

तू फोनवर म्हणालास, माती विकणारा खाणीचा मुकादम राहतो त्या गावात पाय ठेवणार नाही. मी विषय बदलला. तुझ्या पोरांची उंची विचारली. आता उंची विचारून भागणार नाही.

खाण खोदताना वरची काळी माती आधी खरवडून बाजूला रचायची, आणि खाण संपली की तीच परत पसरायची. तसा करार होता. सात वर्षांपूर्वी खाण बंद झाली तेव्हा तो ढीग जागेवर नव्हता. तू मुकादमाच्या दारात गेलास, गल्लीभर लोकांसमोर त्याला चोर म्हणालास. त्याची मुलगी दारात उभी होती. मी तुझ्या शेजारी उभी होते.

टिल्लू, मुकादमाने माती विकली नव्हती. मी पुरली होती.

खाण जोरात चालू होती तेव्हाची गोष्ट. डंपरचा रस्ता पाण्याने खचला होता आणि तो ढीग नव्या रस्त्याच्या मधे येत होता. मुकादम दोन दिवस रजेवर होता. ढीग उचलून दुसरीकडे रचायला दोन दिवस लागले असते. मी बुलडोझरने एका पाळीत तो पश्चिमेच्या खड्ड्यात लोटला आणि वर दगड ढकलले. 'अक्कासारखा बुलडोझर कुणाला जमत नाही' म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटली, मीही थोपटून घेतली. ती आपल्या शेताची माती आहे हे मला ठाऊक होतं. वाटलं, खाण काय आपल्या हयातीत बंद पडते का! आणि मुकादमाला कळलं तोवर वर डोंगर झाला होता. तो वरिष्ठांना बोलला नाही, माझी नोकरी गेली असती म्हणून. तू चोर म्हणालास तेव्हाही त्याने माझं नाव घेतलं नाही.

मग चार वर्षांपूर्वी मातीवाल्या बाई आल्या, जमीन तपासणाऱ्या. त्यांनी सभेत सांगितलं की वरची मातीच नाही, इथे गवत येईल, शेती होणार नाही. मी उठले. म्हणाले, "माती आहे. कुठे आहे ते मी दाखवते."

बारा दिवस मीच दगड उपसले. दोन पुरुष खोल गेल्यावर काळा थर लागला, कुबट वासाचा. बाई म्हणाल्या, दबून दबून मेलीय. पसरली, शेणखत घातलं, दोन वर्षं नुसती कडधान्यं पेरून नांगरून मातीत गाडली. तिसऱ्या वर्षी बाईंनी तळहातावर एक गांडूळ ठेवून दाखवलं आणि मी सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले. एवढा अभिमान मला कुठल्याच कामाचा वाटला नव्हता.

तुला मात्र फोनवर 'माती सापडली' एवढंच सांगितलं. तू म्हणालास, त्यानेच लपवली असणार. मी गप्प बसले. पुरण्यापेक्षा ते वाईट होतं.

गेल्या आठवड्यात मुकादमाकडे गेले, हात जोडले. तो सायकलचं पंक्चर काढत होता. बस म्हणाला नाही. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत राहिला, मग म्हणाला, "सभेत बोललीस, बरं केलंस. पण मला चोर म्हणणारा सभेत नव्हता."

म्हणून हे पत्र.

सहीला ये. पण आधी त्याच्या दारात जा. मी मागे उभी राहीन, या वेळी तोंड उघडून. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, मला ते पटेल. शेत तेवढं बघून जा. मका खरोखर चांगला आलाय.

ती माती पुरणारी, आणि तीच वर काढणारी,
तुझी अक्का