गाळलेली ओळ

दादा,
नमस्कार लिहितोय, पण मनापासून नाही.

टाइपरायटरची ती टकटक अजून कानांत आहे. नव्या देशाचं संविधान मी टाइप करायचो, तू मुद्रितं तपासायचास. ‘कारण सांगितल्याशिवाय कुणालाही अटक करू नये’ ही सभेनं मंजूर केलेली ओळ तू खोडलेली दिसली. विचारलं, तर म्हणालास, “चुकून झालं रे, बाळ्या!” शाळेत शंभर ओळींची कविता म्हणताना तुझा एक शब्द गळत नसे. मग ती ओळ खोडायला कुणी सांगितलं होतं तुला? मी गुपचूप ओळ परत घातली आणि तुझ्याशी बोलणं टाकलं.

काल पोलिसांना माझ्या नातीच्या अटकेचं कारण सांगता आलं नाही. त्याच ओळीवर कोर्टानं तिला सोडलं.

तुझा, अजून रुसलेला,
बाळ्या

ता. क. दार वाजलं. खिडकीतून पाहिलं, तर काठी टेकत तूच उभा आहेस. आता तोंडावर विचारावं लागणार.