न जाणाऱ्या बाईंचा निरोप समारंभ

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला दोन्ही ताळ्यावर असतील, अशी आशा करतो. देवाच्या कृपेने आम्ही सुखरूप आहोत. फक्त दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे आणि शाळेत गणिताला शिक्षक नाही.

मुख्याध्यापक झालास आणि एवढंही सांभाळता येऊ नये का, असं तू म्हणशील. पण ऐक. वर्षभरात विज्ञानाच्या सरांनी औषधांचं दुकान काढलं, भाषेच्या बाई बँकेत लागल्या. शिक्षक का जातात, यावर आम्ही बैठक घेतली (शाळा सुटल्यावर, म्हणजे जायचं आणखी एक कारण आम्हीच वाढवलं). कुणी पगार म्हणालं, कुणी शिकवणं सोडून करावी लागणारी बाकीची कामं म्हणालं, कुणी नुसतं माझ्याकडे बघितलं. सकाळच्या प्रार्थनेत डोळे मिटून उभा होतो, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आमच्याकडे शिक्षकाबद्दल चांगलं बोलण्याचा दिवस एकच, निरोप समारंभाचा. एरवी कुणी ‘बरं शिकवता’ म्हणत नाही आणि जाताना मात्र माणूस एकदम ज्ञानाचा सागर होतो. हे ऐकायला कोण राजीनामा देणार नाही? म्हणून ठरवलं, गणिताच्या बाई अजून आहेत तोवर त्यांचा समारंभ आधीच उरकून टाकायचा, म्हणजे त्यांना जायचं कारणच उरणार नाही. (देवानेच सुचवलं असं तेव्हा वाटलं. आता त्याच्यावर ढकलत नाही.)

समारंभ दृष्ट लागण्यासारखा झाला. पण खेळाच्या सरांना भाषण एकच येतं. त्यांनी सवयीने ते ‘तुमची उणीव सदैव भासेल’ इथे नेऊन संपवलं. मुलं हुंदके देऊ लागली. शिपायाने बाईंच्या स्कूटरला पुष्पगुच्छ बांधला आणि फाटकाची दोन्ही दारं उघडली. हात हलवणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होतो (सगळेच हलवत होते).

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत, म्हणून त्यांच्या घरी गेलो.

“आले होते सर, फाटकापर्यंत. एका पालकांनी विचारलं, काही विसरलं का बाई? आता कोणत्या तोंडाने फळ्यापुढे उभी राहू?”

“पण तुम्हाला जायचं नव्हतं ना?”

“नव्हतं. पण समारंभ ऐकून आमचे हे म्हणाले, तू एवढी गुणी आहेस तर एवढ्याशा पगारात तिथे करतेस काय?”

सध्या दहावीला मीच भूमिती शिकवतो. काल एक त्रिकोण काढता काढता त्याला चौथी बाजू फुटली. मुलं समजूतदार आहेत. फळा त्यांनीच पुसला.

दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
भाऊ

ता. क. तू आमच्या शाळेत गणित शिकवायचं सोडून गेलीस त्या दिवशी वीज नव्हती, त्यामुळे तुझा समारंभ राहूनच गेला. म्हणजे आमच्या पद्धतीने तू अजून गेलेलीच नाहीस. सोमवारी पहिला तास दहावीचा आहे. वर्गात खुर्ची ठेवतो.

पुन्हा ता. क. खेळाच्या सरांना सोमवारी मैदानाबाहेर येऊ देणार नाही. तुझ्याबद्दल चांगलं बोलायचंच झालं, तर मी एकटा बोलेन. मधल्या सुट्टीत, हळू आवाजात, पण रोज.