भाजत नव्हता तो हात

माय, तू तव्यावरची भाकर उघड्या हातानं उलटायचीस, निखाऱ्यावरून उचलायचीस, आणि आम्हाला त्याचा अभिमान होता. शेजारची काकू विचारायची, "तुह्या मायचा हात हाय का चिमटा?" मी छाती फुगवून "हाव" म्हणायचो. त्या हाताला चटका कळत नव्हता, आणि आपण सगळ्यांनी ते कसब म्हणून मिरवलं.

तुझ्या कोपराखालचा फिकट चट्टा मला दिसला, तोवर मी वाचनालयातली मिळतील ती पुस्तकं संपवली होती. महारोग पापाचा नाही, जंतूचा आहे. उपचार न झालेल्या रोग्याच्या श्वासातून, शिंकेतून, वर्षानुवर्षांच्या सहवासात तो पसरतो, आणि बहुतेकांना तर होतही नाही. तो कातडीखालच्या नसा मारतो, म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस दाखवत नाही. धाड गावच्या बाजारात खोक्यावर उभा राहून मी हे गरजून सांगितलं होतं. "घरचा रोगी लपवणारा स्वतःच्या हातानं त्याचा हात तोडतो," हे वाक्य माझंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात तपासणीवाला सरकारी माणूस सायकलवरून दारी येतो. खिशात कापूस. डोळे मिटायला लावून कापूस कातडीला टेकवायचा आणि कुठं लागला ते बोटानं दाखवायला सांगायचं, एवढीच तपासणी. तू चुलीपुढे आहेस, हात परातीत. मी उंबऱ्यात आडवा उभा.

"आत कोण हाय?"

"माय हाय. तिले काही नाही."

तो हसला. त्यानं माझं भाषण ऐकलं होतं. "तुमच्या घरी काय पाहाव म्हना," असं म्हणत वहीत खूण करून तो पुढच्या घरी गेला.

तू मागं न वळता विचारलंस, "मले काऊन दडवलं?"

"ताईची सोयरीक जमून राह्यली वरवट बकालले. लग्न होऊ दे, मंग नेतो तुले."

तू परातीतलं पीठ पुन्हा मळायला घेतलंस. मग तू म्हणालीस, "हाव. तिचं होऊ दे."

लग्न झालं. मग ताईचं बाळंतपण, मग तिच्या नणंदेचं लग्न. दर वेळी मला कारण सापडलं आणि दर वेळी तू हाव म्हणालीस. शेवटी नेलं तेव्हा तुझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी जंतू मरतील, बोटं सरळ व्हायची नाहीत. झाली नाहीत. पुढं तू भाकर थापायचीस ती कडेला फाटायची, आणि तू ती फाटकी बाजू स्वतःच्या ताटात ठेवायचीस.

मला अजून बोलावतात. मी अजून तुझीच गोष्ट सांगतो: एका गावात एक बाई होती, तिचा हात भाजत नसे, घरच्यांनी लपवलं. "घरच्यांनी" म्हणतो. लोक माना डोलावतात. त्यातलं कोण घरी जाऊन काय लपवतं, मला माहीत नाही. मी कोणाला सुधारल्याचं मला तरी दिसलेलं नाही. परवा एका म्हाताऱ्यानं सभेनंतर हात धरून विचारलं, "कोन होती जी ती बाई?"

मी म्हणालो, "वाचलं होतं कुठंतरी."

तुला वाचता येत नव्हतं, माय. म्हणूनच हे एवढं लिहिता आलं.