तिसऱ्या चिठ्ठीचं मेंडोलिन

१२ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

आपली धाकटी टिटवी काल सुखरूप पोहोचली असेल. तिच्या खांद्यावरची मेंडोलिनची नवी पेटी तुम्ही आईच्याही आधी उघडून बघितली असणार.

वाद्य डोळ्यांनी घेऊ नये, पोरीला भिंतीकडे तोंड करून बसवावं आणि दुसऱ्यानं वाजवावं, असं तुम्ही बजावलं होतं. तसंच केलं. जरा जास्तच केलं म्हणा. आमच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नमुन्यावर नाव नसतं, नुसता आकडा असतो, म्हणजे तपासणाऱ्याचं मन कुठं झुकत नाही. दुकानातही मी चार वाद्यांना आकड्यांच्या चार चिठ्ठ्या लावल्या. दुकानदारानं सगळ्यांवर एकच चाल वाजवली. टिटवी स्टुलावर पाठमोरी बसून पाय हलवत होती.

शेवटी अक्रोडी रंगाचं आलं. दांडी सरळ आहे, तारा पडद्यांना जवळ आहेत, तिची बोटं आता सोलवटणार नाहीत. बाकी विशेष काही नाही.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची भाची,
तराजू

९ मार्च

चि. तराजू हिस,
अ. उ. आ.

कागदाला पीठ लागलंय ते झटक. फोनवर तू नुसतं हो हो म्हणतेस, म्हणून बेकरीत पाव भाजायला टाकून हे लिहायला बसलो.

आपली टिटवी गप्प झाली आहे. जिच्यामुळे शेजारी दारं लावून घ्यायचे, ती पेटी उघडते, एक तार छेडते, कान देते आणि पेटी बंद करते. शाळेच्या वाद्यवृंदात सगळ्यांची वाद्यं सुरात लावायचं काम तिचं. परवा सरांनी हाक मारली तर ही पाणी प्यायला गेली ती परत आलीच नाही. कार्यक्रमातून माझं नाव खोडा, असंही तिनं सरांना सांगितलं आहे. मला म्हणाली, की मामा, माझा कान गेला. तुझ्या आईनं घाबरून तिला कानांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, कान ठणठणीत आहेत, उलट आईंनीच एकदा तपासून घ्यावेत. तुझी आई अजून फुगलेली आहे.

एक विचारतो. दुकानात बघण्याजोगी तीनच होती, असं टिटवी सांगते. तू चार चिठ्ठ्या लिहितेस. चौथं कोणतं गं? आणि जिला तराजू म्हणतो ती एवढ्या मोठ्या खरेदीबद्दल इतकं थोडकं लिहिते, तेव्हा मला ते कच्च्या पावासारखं लागतं.

तब्येत जप, जेवणं चुकवू नकोस, आणि आम्हाला मनातून काढू नकोस.

मामा

१४ मार्च

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

चौथं तुमचंच होतं. तुम्ही तिला दिलेलं, दांडीला बाक आलेलं, ती सोबत घेऊन आलेली ते. तुलना नीट व्हावी म्हणून मीच ते मध्ये घातलं आणि टिटवीला सांगितलं नाही.

ते तिसरं वाजलं. दुसरं अक्रोडी होतं. चारही झाल्यावर टिटवी भिंतीकडे बघतच म्हणाली, की तिसरं.

दुकानदार नुसता गालात हसला. मामा, त्या हसण्यात मला आपलं सगळं घर दिसलं. बाबांची दोरीनं बांधलेली पिशवी, आईच्या चपलेला लावलेली पिन, मेंडोलिनच्या फटीत बसलेलं तुमच्या बेकरीचं पीठ. मी घरातली पहिली शिकलेली. मला वाटलं, इतकी ऐट करून पोरीला इथवर आणलं आणि हिला घरचा खुळखुळा सोडून काही कळत नाही. मी दुकानदाराला खुणेनंच गप्प राहायला सांगितलं, चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि अक्रोडीवर बोट ठेवून म्हणाले, की तिसरं हेच, वा, छान निवडलंस.

नमुन्याचा निकाल बदलणाऱ्याला आम्ही कामावरून काढतो. गेल्या वर्षी एकाला काढलं, तेव्हा मी त्याच्याशी बोलणंही सोडलं होतं. आता मी रोज त्याच टेबलाशी बसते. त्या दिवशी मला आपल्या घराची लाज वाटली. आता कशाची वाटते हे सांगायला नको.

तुम्ही रागवा, पण तोडू नका.

तराजू

१८ मार्च

चि. तराजू हिस,
अ. उ. आ.

माझ्या मेंडोलिनची तुला लाज वाटली, हे वाचून जिवाला लागलं. नाही म्हणत नाही. दिवसभरात पावांचे दोन घाणे करपवले.

पण माझ्यापुढं कबूल करून काय उपयोग? नमुना माझा नव्हता. तिला लिही. दुकानदाराचं हसू, आपलं घर, हे सगळं घाल किंवा घालू नकोस, पण काय केलंस ते पहिल्याच ओळीत लिही. मी तिला काही सांगणार नाही.

आशीर्वाद आहेतच. ते काही चिठ्ठी लावून दिलेले नाहीत.

मामा

२६ मार्च

ताईस,
नमस्कार. बाकीची अक्षरं आज राखून ठेवते.

तुझं पत्र बेकरीत मैद्याच्या पोत्यावर बसून वाचलं. मामा तीनदा पाणी हवं का विचारून गेले.

तिसरं मी पहिल्याच सुराला ओळखलं होतं. वरच्या पडद्यांवर ते कसं रडतं हे मला नाही कळणार तर कोणाला? मुद्दाम तेच म्हणाले. वाटलं, तू कपाळाला हात लावशील, आपण दोघी पोट धरून हसू आणि मग मी खरं आवडलेलं सांगीन. आवडलं होतं दुसरं.

पण तू अक्रोडीवर बोट ठेवलंस. तेव्हा वाटलं, जे मी छातीठोकपणे माझं म्हणून ओळखलं ते माझं नव्हतंच. गंमत केली होती हे सांगायचीही लाज वाटली. तू खोटं बोलली असशील हे मनात आलंच नाही, कारण तू कधी बोलत नाहीस. म्हणून कानच खोटा ठरवला.

मी खूप रागावले आहे. घराची लाज वाटली होती तर घरी येऊन भांडायचं होतंस.

अक्रोडी कितवं वाजलं होतं ते तू लिहिलेलं नाहीस. काल डोळे मिटून ते वाजवलं. माझा कान म्हणतो, दुकानातलं दुसरं ते हेच. मामा सांगायला निघाले होते, मी कानांवर हात ठेवले. मला तुझ्याकडून हवंय. हो किंवा नाही, एकच शब्द. हो आलं तर सरांना सांगते, नाव खोडू नका. नाही आलं तर तसंही कळू दे.

तुझ्यावरचा लोभ किती उरलाय ते अजून मोजलेलं नाही.

टिटवी

२९ मार्च

चि. टिटवीस,

हो.

आणखी चार पानं लिहिली होती. फाडली. तू एकच शब्द मागितला होतास.

ताई