साडेबाराची झोप

६ फेब्रुवारी

प्रिय इंगुनताई,

तू बरी असशील. आई सांगते, बरी आहेस. म्हणजे तिलाही तू काही कळवलेलं नाहीस, पण तुमच्या बेटावरच्या दुकानात तिच्या मैत्रिणीनं तुला पाहिलं आणि तू बटाटे एकेक निवडून घेत होतीस. बटाटे निवडून घेणारं माणूस बरं असतं, असं आईचं म्हणणं.

आम्ही तिघं ठीक आहोत. शेतिलला फेरीबोटीवर आता दिवसपाळी मिळाली आहे, त्यामुळे संध्याकाळचं जेवण एकत्र होतं. उन्नी सात महिन्यांची झाली. खालचे दोन दात आले आहेत. तिचा फोटो तुला पाठवावा की नाही, यावर मी तीन दिवस घालवले. पाठवत नाही. हवा असेल तर एका ओळीनं कळव.

सध्या आमच्या घरात एकच विषय आहे, तिची दुपारची झोप. तिला बाबागाडी चालती असली तरच झोप लागते. मी थांबले की डोळे उघडते. मग मी चालत राहते. बोटीचा धक्का, बेकरी, वाचनालय, चर्चच्या सभागृहातलं बाळांचं गाणं, परत धक्का. मधेच कुठं तरी डुलकी लागली की दुपार फुकट जाते, आणि संध्याकाळी ती रडत बसते. शेतिल म्हणाला, गाडीला मोटार बसवू या, नाही जमलं तर तुला तरी बसवू.

मागच्या आठवड्यात आरोग्यसेविका आली, बेरित नावाची. वजन केलं, कॉफी घेतली, मग म्हणाली, "झोप तिची आहे, सिग्नी. तू ती तिला घेऊ देत नाहीस. इथली सगळी पोरं अंगणात झोपतात, तुझ्याच मुलीला काय झालंय?" मी म्हटलं, काही नाही. बेरितला काही ठाऊक नाही. तिला इथं येऊन चारच वर्षं झाली.

तर आता नियम असे आहेत. सकाळी एकदा बाहेर जायचं, माणसांचे चेहरे बघायचे, पण बाराच्या आत घरी. बरोबर साडेबाराला गाडी मागच्या अंगणात, रोवनच्या झाडाखाली. टप वाऱ्याच्या बाजूला, ब्रेक लावलेला. मी आत जायचं आणि वीस मिनिटांचं घड्याळ लावून खिडकीकडे पाठ करून बसायचं. तोंड करून बसले तर मी दर मिनिटाला बाहेर धावते, म्हणून. झोप किती झाली, फेरी कुठं झाली, सगळं वहीत लिहायचं. ती वही गाडीच्या खिशातच असते.

वहीत लिहिताना तुझी आठवण येते. दीपगृहाच्या बेटावर शाळा नव्हती, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तूच मला अक्षरं शिकवलीस. माझी चूक तू कधी खोडली नाहीस. शेजारी पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायचीस आणि उठून जायचीस. चूक मी शोधायची, मीच दुरुस्त करायची. अजून माझं अक्षर तुझ्यासारखंच आहे, आपल्या जुन्या पत्रांतलं कुठलं कुणाचं, ते शेतिललाही ओळखता येत नाही.

पहिल्या दिवशी उन्नी अकरा मिनिटं झोपली. काल सतरा.

हे तुला का लिहिते, ते मला नीट सांगता येत नाही. या महिन्यात लिहायला नको होतं, तेही कळतं. थंडी फार आहे, सांभाळून राहा.

तुझी धाकटी,
सिग्नी


२३ फेब्रुवारी

प्रिय इंगुनताई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरून मी बसले नव्हते, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस. इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा दुखतो. मी तिला माशाचे वडे नेऊन दिले, तिनं मीठ कमी आहे म्हणून सांगितलं आणि सगळे खाल्ले.

झोपेचं जमलं. बारा तारखेपासून उन्नी एकदम सव्वा तास झोपायला लागली. अंगणात, थांबलेल्या गाडीत. बेरित इतकी खूश झाली की गाण्याच्या वेळी तिनं सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. दोघी आया मला विचारायला आल्या, आणि मी त्यांना नियम समजावून दिले, टप कुठं, पाठ कुठं, घड्याळ किती. मला अभिमान वाटला, ताई. बऱ्याच वर्षांनी वाटला.

एकोणीस तारखेला मात्र मी तिला बाहेर ठेवलं नाही. सकाळीही आम्ही कुठं गेलो नाही. मी तिला मांडीवर घेऊन बसले आणि ती झोपली नाही. वहीत मी लिहिलं, 'धक्का, चाळीस मिनिटं.' बेरितनं विचारू नये म्हणून.

शनिवारी सकाळी ताजा बर्फ पडला. साडेबाराला मी गाडी झाडाखाली ठेवली तेव्हा दारापासून तिथपर्यंत चाकांच्या दोनच सरळ रेघा होत्या. तिला आणायला गेले तर गाडीखाली चर पडले होते. हातभर लांबीचे, पुढं आणि मागं, खोल दबलेले, एकाच जागेवरून चाक शंभरदा गेल्यासारखे. गाडीच्या दांडीमागं बुटांच्या खुणा होत्या. कुणी तरी बराच वेळ उभं होतं, बर्फ तुडवून खालची माती वर आली होती. ब्रेक लावलेला होता. टपावरचा बर्फ हातानं पुसलेला होता.

उन्नी झोपायला शिकलेली नाही. तिला रोज कुणी तरी झुलवतंय.

काल रविवारी मी खिडकीकडे तोंड करून बसले. कुणी आलं नाही. उन्नी बारा मिनिटांत उठली. मग मी वही काढून मागचा रविवार पाहिला. त्या दिवशीही ती लगेच उठली होती, आणि मी 'दात येत असावेत' असं लिहिलं होतं. रविवारी दुपारची बोट नसते.

शेतिलला मी हे सांगितलेलं नाही. तो लगेच कुत्रा आणायच्या गोष्टी करेल.

आज सोमवार. आज मी परत पाठ करून बसले. का बसले ते विचारू नकोस. घड्याळ वाजेपर्यंत मी टेबलाची कड धरून होते, मागं अंगणात काहीच आवाज नव्हता, आणि ती सव्वा तास झोपली.

शेजारपाजारचं कुणी असेल. म्हातारी माणसं करतात असं. तुला काय वाटतं?

वहीत अजून एक गोष्ट आहे. ती आज लिहीत नाही.

तुझी,
सिग्नी


४ मार्च, सकाळ

इंगुनताई,

एकोणीस तारखेच्या 'धक्का, चाळीस मिनिटं'शेजारी टिंब आहे. पेन्सिलीचं, बारीक. ते मला तेवीस तारखेलाच दिसलं होतं.

शुक्रवारी जेवताना शेतिल म्हणाला, "तुझी बहीण हल्ली रोज बोटीवर असते. दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणाली. एवढे दात असतात का गं माणसाला?" मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस. तो म्हणाला, "तीच म्हणाली, सिग्नीला ठाऊक आहे." आणि मी म्हटलं, हो, ठाऊक आहे.

मी तुला बोलावलं नव्हतं. पण वेळ, झाड, माझी पाठ कुठं असते, हे सगळं मीच तुला लिहून पाठवलं होतं. आणि कळल्यावरही मी शनिवारी पाठ करून बसले, सोमवारी बसले. वाटलं, एखादं बाळ तुझ्या हातांनी झोपावं आणि उठावं. तेवढं मी तुला देऊ शकते. ते देताना मी उन्नीला विचारात घेतलं नाही, हे मला काल कळलं.

काल मंगळवारी बारा पन्नासला घड्याळ वाजलं आणि मी वळले. झाडाखाली गाडी नव्हती.

मी लोकरीच्या मोज्यांवरच धावले. चाकांच्या रेघा फाटकातून बाहेर, रस्ता ओलांडून, उतारानं खाली धक्क्याकडे गेल्या होत्या. बोट लागलेली होती, फळी खाली टाकलेली, इंजिन चालू. गाडी प्रतीक्षाघराच्या मागं उभी होती, वारा लागणार नाही अशा बाजूला. ब्रेक लावलेला. उन्नी झोपली होती. मी तिच्या मानेवर दोन बोटं ठेवली, तू मला शिकवलं होतंस तशी. ऊब होती. श्वास होता. मी तिथंच बर्फात बसले.

सव्वा वाजता बोट सुटली. शेतिलनं मला पाहिलं आणि हात हलवला. त्याला वाटलं, आम्ही फेरीला आलोय. तू वरच्या काचेशी होतीस की नाही, मला दिसलं नाही.

वही उन्नीच्या पांघरुणावर उघडी होती. कालच्या पानावर, अगदी माझ्यासारख्या अक्षरात, तीन ओळी होत्या.

१२.३० पाहिलं.
१२.४० पाहिलं.
१२.५० पाहिलं.

काल संध्याकाळी मी शेतिलला सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. तो ओरडला नाही. जेवला नाही. म्हणाला, "तिनं पोरीला बोटीवर घेतलं असतं तर दोर मीच सोडला असता, सिग्नी. मीच." तो पोलिसांना फोन करणार आहे. मी उद्या संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलंय. तो थांबेल, पण त्यापुढं नाही, आणि मीही त्याला थांबवणार नाही.

राहिलेली गोष्ट आता तुला सांगते. त्याला नंतर सांगेन, आधी तुझा हक्क आहे.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या एकोणीस फेब्रुवारीला तू तुझ्या तान्ह्या आमुन्दला माझ्याकडे देऊन दोन तासांसाठी गेलीस. मी पंधरा वर्षांची होते. साडेबाराला गाडी बाहेर, दर दहा मिनिटांनी बघायचं, मानेवर बोटं ठेवायची, वहीत खूण करायची, असं तू सांगितलं होतंस. साडेबाराला मी पाहिलं. तेव्हा तो झोपला होता, गाल लाल होते, टोपी एका कानावर सरकली होती ती मी नीट केली. हे खरं आहे. मग गारा सुरू झाल्या. मी टेबलाशी तू आणून दिलेलं पुस्तक वाचत होते, थोडीच पानं राहिली होती. बूट परत घालायचा कंटाळा आला. मी पुढच्या तीन खुणा बसल्या जागी करून टाकल्या, आणि वाचत राहिले. एक वाजून दहा मिनिटांनी बाहेर गेले, तेव्हा त्याचा श्वास नव्हता.

डॉक्टर म्हणाले, झोपेत असं होतं, कुणी शेजारी उभं असतं तरी कळलं नसतं. खरंही असेल. पण ते त्यांनी माझ्या खुणा पाहून सांगितलं होतं. सगळे म्हणाले, पोरीनं तर वेळासुद्धा लिहून ठेवल्या. आईनं मला जवळ घेतलं. तू ती वही हातात घेतलीस, बराच वेळ पाहिलीस, पेन्सिल उचललीस आणि एका खुणेशेजारी टिंब दिलंस. मग वही माझ्यासमोर ठेवून उठून गेलीस. माझ्याशी त्यानंतर बोलली नाहीस.

आई समजते की तू दुःखानं गप्प झालीस. तू माझ्या उत्तराची वाट पाहत होतीस. चूक मी शोधायची होती, मीच दुरुस्त करायची होती. आणि मी अकरा वर्षं ते टिंब दिसलंच नाही असं वागले. दुसरं सगळं मात्र तपासत राहिले. स्टोव्ह, कुलूप, उन्नीचा श्वास. चालती गाडी मला आवडायची ती एवढ्यासाठीच, ढकलताना तिचा चेहरा सतत समोर असतो.

कालच्या तीन ओळींचा अर्थ मला कळला. तू मला दाखवून दिलंस की पाहणं केवढं सोपं असतं, आणि न पाहणाऱ्याचं काय नेता येतं. पण ताई, काल तू धक्क्यावर कितीदा पाऊल पुढं टाकलंस आणि मागं घेतलंस, ते मला ठाऊक नाही. प्रतीक्षाघराजवळचा बर्फही तुडवलेला होता. ते पाहून मला जास्त भीती वाटली.

हे पत्र शेतिल आज सकाळच्या बोटीनं नेऊन तुमच्या धक्क्यावर तुझ्या हातात देईल. तो काही बोलणार नाही. तूही त्याला काही विचारू नकोस.

उद्या गुरुवारी साडेबाराला मी उन्नीला झाडाखालीच ठेवणार आहे. या वेळी मी खिडकीकडे तोंड करून बसेन, बूट घालून, फोन हाताशी ठेवून. तुला तिला झुलवायचं असेल तर पुढच्या दारानं ये आणि घंटी वाजव. कॉफी असेल. आपण दोघी अंगणात उभ्या राहू, तुला जे म्हणायचं ते तू म्हण, मी ऐकेन. मागच्या फाटकानं आलीस तर तू मला दिसशील, आणि मी बाहेर येईन, आणि मग मी तुझी बहीण नसेन, तिची आई असेन.

जुनी वही माझ्याकडेच होती, शब्दकोशात ठेवलेली. तिचं ते पान फाडून सोबत पाठवते आहे. तू एकाच खुणेशेजारी टिंब दिलं होतंस, बारा चाळीसच्या. मी दुरुस्त करून दिलं आहे. चुका तीन होत्या.

१२.४० पाहिलं नाही.
१२.५० पाहिलं नाही.
१.०० पाहिलं नाही.

उद्या साडेबाराला खिडकीशी,
सिग्नी